लिंबांवरून मागे घेतलेली गाडी

आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही, प्रश्न घेतलाय. पेटीवाल्यांनी सूर धरून ठेवावा, तबलजींनी हात गरम ठेवावेत, आणि मंडळी, तुम्ही फक्त कान इकडे द्या. मान डोलवायची घाई नको. कळण्याआधी मान डोलवणारे श्रोते मला गावोगाव भेटतात. त्यांच्यावरच माझं पोट चालतं हे खरं, पण आज नको.

प्रश्न असा. देवापुढे नारळ फुटला. हार पडला. पेढा तोंडात गेला. आणि तो पेढा अजून टाळूला चिकटलेला असताना समोरच्यानं हळूच हात पुढे केला – तर "हे पैसे कशाचे?" असं विचारणं पाप आहे का?

पुढच्या रांगेतले काका वर बघताहेत. वर उत्तर नाही काका, पंखा आहे. तोसुद्धा देणगीतला. पात्यावर देणाऱ्याचं नाव आहे, म्हणून तर तो कधी पूर्ण वेगानं फिरत नाही, नाव वाचता आलं पाहिजे.

घ्या हो पेटीवाले –

हार घातला, नारळ फुटला, पेढा मुखी घातला ।
तेव्हा हळूच शेठजी वदला, आकडा थोडा वाढला ॥

कुठल्या गाथेत आहे म्हणून शोधू नका. सकाळी आंघोळीला पाणी तापत होतं तेव्हा सुचलंय. पण आख्यान मात्र पाण्यातलं नाही, रस्त्यावरचं आहे.

तर सांगलीकडचा निवास आवटी. मिसरूड फुटलं तेव्हापासून ट्रकवर. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. गाड्या किती बदलल्या, पण सगळ्या दुसऱ्याच्या. गाडीच्या कपाळावर लिहिलेलं असायचं 'आईचा आशीर्वाद', आणि ती आई कायम मालकाची. निवासला स्वतःची आई आठवतच नव्हती. त्याला वाढवलं गोदाआत्यानं, बापाच्या थोरल्या बहिणीनं. त्याच्या मनात एकच होतं: एक दिवस आपली गाडी घ्यायची, आणि तिच्या कपाळावर लिहायचं 'गोदाआत्याची कृपा'.

हसू नका. तुम्ही बंगल्याला 'मातृछाया' नाव देता आणि आईला मागच्या खोलीत ठेवता. त्यानं आत्याला कपाळावर ठेवायचं ठरवलं होतं.

दिवस आला. पैसे साठले, फायनान्सनं कर्ज मंजूर केलं, आणि तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं शब्द दिला, "सोमवारपासून माल तुझ्या गाडीत. सोमवारी गाडी दारात दिसली नाही, तर दुसरी लावणार." निवासनं मालकाची नोकरी सोडली. आता मागे वाट नव्हती.

गेला शोरूमला. कुठल्या? नाव घेत नाही. बोर्ड मोठा होता एवढं सांगतो. तिथला मॅनेजर पंकजसर. फाल्गुनातल्या उन्हात टाय. माणसानं उन्हाळ्यात गळ्याला टाय बांधला की समजावं, तो दुसऱ्याचा गळा सांभाळायला बसलेला नाही.

पण निवाससुद्धा काही कच्चा नव्हता. गाडीचा भाव त्यानं असा केला की काय सांगू! "परवडत न्हाई" म्हणून उठायचा, दारापर्यंत जायचा, काचेत बघायचा, पंकजसर उठलेत का. उठले की परत. असा चहा गार होईपर्यंत खेळ चालला, आणि किमतीतून चांगली रक्कम कमी करून घेतली. सरकारचा कर, नंबराचे पैसे, विमा, सगळं मांडून आकडा ठरला. शेवटी पंकजसर काय म्हणाले? "बाकी किरकोळ काय ते डिलिव्हरीच्या दिवशी बघू."

आणि निवासनं मान डोलवली.

इथं, मंडळी, इथं गाडी घसरली. त्यानं गाडीचा भाव केला, गाडीभोवतीचा केला नाही. 'किरकोळ' या शब्दापुढे आपण सगळेच असे वितळतो. लग्नात मांडववाला म्हणतो किरकोळ, घर बांधताना मिस्त्री म्हणतो किरकोळ. आपल्याला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला क्षुल्लक गोष्टी काय विचारायच्या!

त्यात आनंदाच्या भरात आणखी एक चूक केली. चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं. गाडी पाडव्याला न्यायचीय, दिवस सगळाच शुभ तरी आत्यानं भटजींना विचारून मुहूर्त काढलाय, दुपारी बारा वाजता टळतो, सोमवारी बेदाणा भरायचाय, नोकरी सोडलीय. पंकजसर म्हणाले, "वा, वा." ते वा-वा गाडीला नव्हतं.

पाडव्याचा दिवस उजाडला. शोरूमपुढे जत्रा. निवासकडून आत्या, बायको पद्मा, सासरे, दोन मेहुणे, शेजारचे. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी, नवीकोरी, तयार बॉडीची. बॉनेटवर पद्मानं कुंकवानं स्वस्तिक काढलं. आत्यानं घरून आणलेला नारळ फोडला. हार चढला. पुठ्ठ्याची पोत्याएवढी किल्ली हातात देऊन फोटो झाला. आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

लिंबांचं शहरातल्या मंडळींना सांगतो. नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि गाडी त्यांच्यावरून पुढे घ्यायची. पुढेच! चिरडली लिंबं की टळली पीडा. पण लिंबं ठेवल्यावर गाडी मागे घेणं? अब्रह्मण्यम्! ड्रायव्हर एक वेळ बिनब्रेकची गाडी घाटात घालेल, पण लिंबांवरून रिव्हर्स घेणार नाही.

आणि हे त्या शोरूमला पक्कं ठाऊक. तिथली रीतच होती ती. आधी पूजा, मग फोटो, मग लिंबं. गिऱ्हाईक केबिनमध्ये चढून बसलं, हात स्टिअरिंगवर, सासरे टाळ्या वाजवायच्या तयारीत – की पंकजसर खिडकीशी हजर. "निवासराव, एक छोटीशी सही."

आता सांगा, त्या खिडकीत कोण वाद घालील? आणि घातला तर सासऱ्यांना काय वाटेल? बघा, माणूस भुरट्या चोराला घाबरत नाही, पण पाहुण्यांसमोर "मला परवडत नाही" म्हणायला घाबरतो. दुकानदारानं आपल्या लाजेलाच बिऱ्हाडकरू ठेवून तिच्याकडून भाडं घ्यायला सुरुवात केली होती.

निवासनं आकडा बघितला. ठरल्यापेक्षा पंचेचाळीस हजारांनी वर. कर्ज ठरल्या आकड्यापुरतंच होतं, वरचं खिशातलं जाणार. आणि खिशात तेवढेच होते. ताडपत्रीचे, दोरखंडांचे आणि पहिल्या डिझेलचे. ते दिले तर गाडी दारात येईल, पण सोमवारी बेदाणा उघड्यावर नेणार का? आणि डिझेलऐवजी टाकीत काय, पेढे घालणार?

पेन हातात घेतलं. सासरे हसून बघताहेत. पद्मानं कपाळावरचा घाम पुसला. निवासनं पेन टेकवलं. आणि उचललं.

"पंकजसर, हे वरचं कशाचं वो?"

बस. एवढंच. मोठा ज्ञानी नव्हता तो, कायद्याचं पुस्तक त्यानं बघितलेलं नव्हतं. लहान मूल विचारतं तसं विचारलं.

पंकजसर हसले. "किरकोळ आहे हो. सिस्टीमच टाकते."

"सिस्टीम कुठं बसती? तिलाच इचारतो."

"तसं नाही... हे बघा, हँडलिंग चार्ज. गाडी हाताळण्याचा."

"कुनी हाताळली?"

"यार्डातून इथपर्यंत आणली ना आपल्यासाठी."

"यार्ड कुठंय?"

पंकजसरांनी अंगठा मागे केला. भिंतीपलीकडेच यार्ड. तिथून इथं कोंबडी चालत आली असती आणि वाटेत अंडंही घातलं नसतं.

"बरं, ह्यो लॉजिस्टिक?"

"कारखान्यातून आमच्याकडे गाडी येते, त्याचा."

"मग त्या दिवशी आपन भाव केला तो कुठल्या गाडीचा? कारखान्याच्या दारात हुबी हाय तिचा? मला तर तुमच्या दारातली दाखवलीसा."

मेहुणे हसले. सासरे नाही. सासरे घड्याळ बघू लागले.

"डाक्युमेंटेशन?"

"कागदपत्रं करण्याचा."

"आन् ह्यो फाइल चार्ज?"

"ती कागदपत्रं ठेवण्याचा."

अहो, कागद केले त्याचे पैसे, ठेवले त्याचे पैसे. पुढच्या वर्षी काढून दाखवण्याचेही लावतील.

"सरकारचा कर कुठला?" निवासनं विचारलं. पंकजसरांनी दाखवला. "ह्याची सरकारी पावती मिळंल?" मिळेल म्हणाले. "मग ह्यो बरोबर. ह्यो द्यायचा. इमा?"

"विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो."

"लागतो का बरा पडतो?"

"बरा पडतो," म्हणाले.

मंडळी, या एका सवालात अर्धं शास्त्र आलं. गाडी घेताना पैसे तीन वाटांनी जातात. एक वाट सरकारकडे, ती पावतीसकट, गुपचूप द्यावी. दुसरी आपल्या मर्जीची – विमा घ्या, पण चार ठिकाणी विचारून घ्या, इथलाच घ्या असं बंधन नाही. आणि तिसरी शेठच्या मर्जीची. तिला नावं इंग्रजी असतात. मराठीत त्या रकमेला नाव सांगायची लाज वाटते ना, म्हणून.

निवास खाली खाली वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "आन् हे? डिलिव्हरी सेलिब्रेशन?"

"ते आपलं... पूजेचं साहित्य. नारळ, हार, पेढे, फोटो."

गोदाआत्या इतका वेळ चाकाशी हात जोडून उभी होती. तिनं मान वर केली. "कसला नारळ?"

"आजी, पूजेचा."

"पूजंचा नारळ मी आनला. घरच्या झाडाचा. हार पद्मीनं गुंफला. तू काय आनलंस रं?"

"आजी, ते पॅकेजमध्येच..."

"किल्ली आनलीस. ती बी पुठ्ठ्याची."

आता पंकजसरांचा टाय आवळायला लागला. बाजूला आणखी एक गाडी सजून उभी होती, कवठ्याच्या जगदाळ्यांची. त्यांची बायको नारळ हातात घेऊन मुहूर्ताची वाट बघत होती, आणि सगळं कुटुंब कान देऊन इकडचं ऐकत होतं. पंकजसरांनी आवाज खाली आणला. पण आवाज खाली आणला की शब्दांना धार येते.

"निवासराव, बारा वाजत आलेत. मुहूर्त टळेल. चांगल्या दिवशी हिशेब कसले काढता? लक्ष्मी दारात उभी आहे. सगळेच देतात हो. तुम्हाला परवडत नसेल तर तसं सांगा, गाडी आत घेऊ. बुकिंगचे पैसे मात्र परत मिळत नाहीत." मग चाकांकडे बोट दाखवून म्हणाले, "पण पूजा झालेली गाडी मागे घ्यायची... बघा बुवा. तुमच्या मनाला पटत असेल तर."

हे वाक्य त्यांनी पूर्वीही कित्येकांना ऐकवलं असणार. रामबाण. या वाक्यानंतर आजवर कुणाचं पेन थांबलं नव्हतं.

निवासच्या डोळ्यांपुढे काय काय आलं! सोमवारी बेदाण्यावाल्याच्या दारात दुसऱ्याची गाडी. सोडलेली नोकरी. जुन्या मालकाच्या पुढे परत जाऊन उभं राहायचं, आणि त्याच्या आईच्या आशीर्वादाखाली पुन्हा बसायचं. त्यानं खाली आत्याकडे बघितलं. मुहूर्त तिनं काढलेला. मांजर आडवं गेलं तर ती बाजाराच्या वाटेवरून परत फिरायची. तिच्या देखत?

त्यानं कागद खिडकीतून परत दिला. बिनसहीचा.

"पटतंय," म्हणाला.

आणि गाडी चालू केली, गिअर टाकला... कुठला? सांगा, कुठला?

रिव्हर्स! मागची घंटी वाजायला लागली, टिंग टिंग, टिंग टिंग. "आत्ता गं बया!" शेजारीण ओरडली. सासऱ्यांनी डोळे मिटले. आणि नवीकोरी, हार घातलेली, कुंकवाच्या स्वस्तिकाची गाडी लिंबं चिरडत चिरडत मागे गेली, सरळ शोरूमच्या दारात. भर पाडव्याला. उलटी.

निवासनं इंजीन बंद केलं. खाली उतरला.

"घ्या तुमची गाडी," म्हणाला. "भरलेलं परत द्या. न्हाईतर दाराशीच बसतो. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगतो, मी का बसलोय."

"निवाश्या," आत्यानं हाक मारली. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी कान उपटणार. पद्मा मधे आली. "आत्या, आवो त्येंचं..."

"सर बाजूला." आत्या पंकजसरांपुढे जाऊन उभी राहिली. खांद्याला लागत नव्हती त्यांच्या. "माझा मुहूर्त मोडला, त्येचं पाप माझ्या डोक्यावर घेती मी. पर एक ध्यानात ठेव. नारळ मी देवाला फोडलाय. तुला न्हाई."

तबलजी, इथं एक थाप हवी होती. असू द्या, मागाहून वाजवा.

आता खरी गंमत पुढे. निवासचं जे व्हायचं ते झालं होतं. शोरूमचं व्हायचं राहिलं होतं. जगदाळ्यांच्या बायकोनं काय केलं? फोडायला उचललेला नारळ परत पिशवीत घातला.

"अगं, मुहूर्त..." जगदाळे म्हणाले.

"आदी आपलं इचारा. कशाचं-कशाचं लावलंय. मग नारळ."

मागं तिसरं कुटुंब होतं, ते आतून खुर्च्या घेऊन आलं. बसूनच विचारू म्हणाले.

तेवढ्यात आतून मालक धावत आले. त्यांना दारात काय दिसलं? पूजा होऊन परत आलेली गाडी. बॉनेटवर कुंकू, चाकाला लिंबाचा रस. ही गाडी आता कोण घेणार? पाडव्याला लिंबांवरून उलटी आलेली गाडी या पंचक्रोशीत फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. गिऱ्हाइकाची जी भीती इतकी वर्षं ते विकत होते, ती त्यांच्याच दारात उलटी येऊन उभी राहिली होती.

मालक मोठे सज्जन. सज्जनपणा अचानक येतो काही जणांना. "अहो पंकज, काय हे? घरची माणसं आपली. काढून टाका ते वरचं."

हँडलिंग गेलं. लॉजिस्टिक गेलं. कागद करणं गेलं. सेलिब्रेशन तर आत्याच्या नजरेनंच गेलं होतं. पंकजसरांनी "निदान फाइल चार्ज तरी..." म्हटलं, तर मालकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःच फाइल झाले. विम्याचं निवासनं एका ओळखीच्या एजंटाला फोन लावून विचारलं. तिकडे स्वस्त निघाला. मालक म्हणाले, त्याच भावात देतो. बरं म्हणाला, द्या. सरकारचा कर दिला, पावती घेतली, नंबराचे दिले. ठरलेला आकडा म्हणजे ठरलेला आकडा, उलट विम्यात वाचलं तेवढं कमीच. मग सही केली.

तोवर मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. पंकजसर नवी लिंबं घेऊन आले. "ही फ्री आहेत," म्हणाले.

"नगं," आत्या म्हणाली. "तीच हायेत की रस्त्यावर. उलटी चिरडली, आता सुलटी चिरडू द्या."

आणि निवास आवटीची गाडी मुहूर्ताशिवाय, चिरडलेल्या लिंबांवरून, शोरूमच्या बाहेर पडली. आत्या पुढे त्याच्या शेजारी बसली होती. सासरे मागून म्हणाले, "अपशकुन झाला." आत्यानं खिडकीतून डोकं काढलं. "झाला. पर त्यो त्येंला झाला."

सोमवारी बेदाणा भरला, वर ताडपत्री बांधली. त्यावर पाणी पडलं नाही की माल ओलावला नाही. गाडीच्या कपाळावर आता आत्याचं नाव आहे, मागून येणाऱ्याला दिसत नाही, समोरून येणाऱ्याला दिसतं. आत्याची तीच अट होती. म्हणाली, मला सामनं बघू दे.

म्हणून मघाच्या प्रश्नाचं उत्तर, काका, पंख्यावर नाही. निवासनं दिलं ते. विचारणं पाप नाही. देवाला मधे उभं करून, त्याच्या आडून खिशात हात घालणं, हे पाप. आणि तो हात दिसत असताना "चांगल्या दिवशी कशाला" म्हणून गप्प बसणं, यात आपला अर्धा वाटा. तुम्ही शाळेत फी भरता, तिथं एक 'विकास निधी' असतो. कुणाचा विकास, कधी विचारलंत? दवाखान्यात, कार्यालयात, हॉलवाल्याकडे, जिथं तुमचा गळा अडकलेला असतो तिथंच तो कागद पुढे येतो. पेन उचला. टेकवायच्या आधी एकदा उचलून धरा. आणि ज्याच्या नावाची पावती मिळत नाही, त्याला म्हणा, "पटतंय," आणि घ्या रिव्हर्स. लोक काय म्हणतील? लोक खुर्च्या घेऊन येतील, तुमच्या मागे बसतील. त्यांनाही विचारायचंच असतं, फक्त पहिली घंटी कुणीतरी वाजवायची असते.

आता आरती. आरतीनंतर ताट फिरेल. यंदा मंडळानं नवी पावतीपुस्तकं छापलीत, सुरेख आहेत. देवळाचा रंग, अन्नदान, दिवाबत्ती, सगळे रकाने आहेत. आणि शेवटी एक रकाना आहे 'इतर'. मी अध्यक्षांना विचारलं, इतर म्हणजे काय हो? ते म्हणाले, "बुवा, किरकोळ."

अध्यक्ष हसताहेत. चांगली गोष्ट आहे.

ताट समोर आलं की सढळ हातानं द्या. देवळाला रंग हवाच आहे, ओल माझ्या डोक्यावरच आहे. पण देण्याआधी, पेढा गिळून, गोड आवाजात विचारा – इतर म्हणजे कशाचं? माझ्या बिदागीबद्दलही विचारा, मी इथेच बसतो. संकोच नको. गाभाऱ्यातला ऐकतोय, पण तो रागवायचा नाही. त्यानं आजवर कुणाकडून फाइल चार्ज घेतलेला नाही.